पाडवा घरातला आणि रस्त्यावरचा

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला माझा विरोध होता आणि तो मी कधी लपवला नाही. गिरगावात राहून असं बोलायचं म्हणजे शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेणंच. आमच्याकडे फडके गणपतीच्या देवळापासून यात्रा निघते, ढोल-ताशांनी जगन्नाथ शंकरशेट रस्ता दणाणतो, आणि नऊवारी, फेटा, गॉगल अशा थाटात बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो पेपरात येतात. त्या फोटोंना मी ‘फॅन्सी ड्रेस’ म्हणायचे. चारचौघांत, मोठ्यानं.

माझं म्हणणं साधं होतं. पाडवा हा घरातला सण. पहाटे उठायचं, वेळूची काठी धुऊन तिला खण बांधायचा, कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पानं, साखरेची गाठी, वर तांब्या पालथा घालायचा. कडुलिंबाची पानं, गूळ, ओवा, भिजवलेली चणाडाळ वाटून केलेली गोळी तोंड वेडंवाकडं करत गिळायची. वडील पंचांग काढून वर्षफल वाचायचे, आणि पाऊस किती आढक हे ऐकून आम्हा पोरांना काडीचाही बोध व्हायचा नाही. दुपारी श्रीखंड-पुरी, मग झोप. ऊन कललं की गुढी उतरवायची. यात मिरवणूक कुठं बसते?

त्यात ही प्रथा मूळची आमची नव्हेच. १९९९ मध्ये डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थाननं नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि तिथून ते लोण गावोगाव पसरलं. ज्या गिरगावात १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईचा पहिला सार्वजनिक गणपती बसला, त्या गिरगावानं डोंबिवलीकडून सण उसना घ्यावा, हे मला झोंबायचं. सार्वजनिक गणपतीही एकेकाळी नवाच होता की, असं कुणी सुनावलं की मी गप्प बसायचे. मुद्दा बिनतोड होता. पण मुद्द्यानं माझं मन कधी बदललेलं नाही, तेव्हाही बदललं नाही.

मग २०२० साल आलं. २५ मार्चला पाडवा आणि त्याच दिवसापासून टाळेबंदी. मला हवा होता अगदी तस्सा पाडवा मिळाला. ढोल नाही, बुलेट नाही, नेत्यांचे हात जोडलेले फलक नाहीत. सकाळी गुढी उभारली आणि सवयीनं गॅलरीतून दोन्हीकडे पाहिलं. आमच्या मजल्यावर एके काळी दारोदार गुढ्या असायच्या, काठ्या एकमेकींना अडायच्या. त्या दिवशी माझी एक आणि जिन्याजवळच्या आजींची एक. बाकी खोल्यांना कुलपं, नाहीतर आत गोदामं. हे काही त्या एका दिवसात घडलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकेक बिऱ्हाड उठत होतं आणि रस्त्यावरच्या गलक्यात ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं इतकंच.

पुढच्या वर्षीही तेच. २०२२ मध्ये मात्र २ एप्रिलला, ऐन पाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले आणि ढोल पुन्हा वाजले. त्या सकाळी आमच्या दारात तीन मुली उभ्या. घामानं डबडबलेल्या, फेटे सैल झालेले, एकीची चापाची नथ हातात. ‘‘काकू, जरा बाथरूम वापरू का?’’ आता चाळीत बाथरूम म्हणजे गॅलरीच्या टोकाचा सामायिक संडास, आणि त्याची किल्ली लाकडाच्या ठोकळ्याला बांधून खिळ्याला टांगलेली. मी किल्ली दिली, बादली दाखवली. नऊवाऱ्या शिवलेल्या होत्या म्हणून निभावलं, नेसलेल्या असत्या तर यात्रा पुढं निघून गेली असती.

तिघींतली एक परत येताना शेवटच्या खोलीपाशी थबकली. ‘‘ही खोली आमच्या आजीची,’’ म्हणाली. मुलगी नालासोपाऱ्याची. आजीनं पागडीची खोली सोडली तेव्हा हिची आई शाळेत होती. आता तिथं इमिटेशन दागिन्यांचं गोदाम आहे, सणाला बंद. तिनं चौकटीवरून हात फिरवला. चौकटीच्या वरच्या अंगाला तोरणाचा जुना खिळा अजून आहे, त्याचा तिनं फोटो काढला आणि आईला पाठवला. खालून ढोल सुरू झाला तशी जिना दणदणत उतरून गेली.

फॅन्सी ड्रेस हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून गेला नाही. गुढी उभारायला दार लागतं. या मुलीला गिरगावात दार नाही. पाडव्याला ती इथं आली तर जाणार कुठं? रस्त्यावरच. आणि डोंबिवली तरी कुणी भरली? गिरगाव, दादर, परळला खोली पुरेना म्हणून लोकल धरून गेलेल्यांचा तिच्यात मोठा वाटा आहे. ज्यांचा मजला सुटला त्यांनी सण रस्त्यावर आणला, यात परकं काय होतं, हे मला आता सांगता येत नाही.

लालबागचंच बघा ना. उन्हं तापली की बदलापूर, विरार, पनवेलहून बायका पिशव्या घेऊन मसाला गल्लीत उतरतात. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची निवडायची, धणे, दगडफूल, नागकेशर तोलून घ्यायचं, भाजून डंक्यावर कुटून न्यायचं, तोवर शिंकून शिंकून बेजार व्हायचं. मसाला काय बदलापुरात मिळत नाही? माझी नणंद दरवर्षी येते, आणि अर्धा वेळ तिचा परळच्या जुन्या शेजारणींकडेच जातो. याला दिखावा म्हणायचं मला कधी सुचलं नाही.

शिवाय या ऋतूत मुंबईत रस्त्यावर कोण नसतं? २१ मार्चला दादरच्या पारशी कॉलनीत नवरोज. खोताच्या वाडीत ईस्टर. २०२५ मध्ये तर ३० मार्चला पाडवा आणि ३१ला ईद, त्यामुळे गिरगावात फेटे आणि पलीकडे मोहम्मद अली रोडवर ईदची खरेदी, एकाच दिवशी. १४ एप्रिलला चैत्यभूमीकडे जाणारी गर्दी मी लहानपणापासून पाहते आहे. तिला ‘घरात साजरं करा’ असं मी कधी म्हटलं नाही, कारण ज्यांना पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही त्यांनी रस्ता हक्कानं व्यापावा, हे मला पटलेलं होतं. पाडवेवाल्यांचं दुःख त्या तोलाचं नाही, तुलना करूही नये. पण जागा गेलेल्या माणसालाही रस्ता लागतो, एवढं मी आता मानते.

सगळंच पटलंय असं नाही. यात्रेत मध्येच कुणाला तरी डिवचण्यासाठी दिलेल्या घोषणा ऐकल्या की मी गॅलरीतून आत येते. चित्ररथापेक्षा मोठे पुढाऱ्यांचे फलक मला आजही सहन होत नाहीत. सण शेजाऱ्याच्या छातीवर नाचवायचा नसतो. समोरचं राजस्थानी बिऱ्हाड यात्रेतल्या पोरांना ताकाचे पेले भरून देतं, त्यांना त्या घोषणा ऐकाव्या लागतात याची मला लाज वाटते.

बाकी यात्रा निघावी, दरवर्षी निघावी. मेट्रोच्या कामाचे पत्रे वर्षानुवर्षं आमच्या रस्त्यात उभे होते. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव स्टेशन सुरू झालंय, म्हणजे येणं आणखी सोपं आणि गर्दी आणखी मोठी. तेव्हा आयोजकांना एकच विनंती: मार्गावर फिरती शौचालयं ठेवा, बायकांसाठी वेगळी आणि पाण्याची सोय असलेली. त्या खर्चापायी चार ढोल कमी झाले तरी चालतील.