चुलीचा धूर आणि लेकराचा श्वास



बी-बियाण्यांचे सोडून शेतीचे साहेब चुलीवर का बोलू लागले, असे तुम्हांला वाटेल. पण तीसएक वर्षे तुमच्या ओसरीवर बसतो आहे. आतला धूर आणि त्यातले लेकराचे खोकणे कानाआड करता येत नाही.

एका श्रावणात असाच एका घरी गेलो. सूनबाई ओल्या पऱ्हाट्या फुंकत होती, मांडीवर आठ महिन्यांचे बाळ. सासूबाई म्हणाल्या, “दात येताहेत, साहेब.” पण श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. तसेच दवाखान्यात नेले. न्यूमोनिया निघाला. बाळ वाचले.

न्यूमोनिया जंतूंनी होतो, मग धुराचा दोष काय? डाळिंबाला अळीने भोक पाडले, की तिथूनच फळ कुजू लागते ना? तसेच हे. आपल्या श्वासनळीत बारीक केस असतात. ते धूळ-जंतू बाहेर लोटतात. धुराने ते मंदावतात, फुफ्फुसातल्या राखणदार पेशीही दुबळ्या होतात. मग जंतूंना रान मोकळे.

ग्वाटेमाला देशातल्या डोंगरी खेड्यांत २००२ ते २००४ या काळात काही घरांना धुराडे असलेली चूल दिली, काहींची उघडी चूल तशीच ठेवली. धुराड्याच्या घरांत मुलांच्या अंगी जाणारा धूर निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला.

सिलिंडर आला तरी अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते, हे मी जाणतो. भरायला पैसे लागतात. काट्या शेतात फुकट मिळतात. मग निदान ती चूल अंगणात न्या. जळण मृगाआधी छपराखाली रचा. चार-पाच गुरे असतील तर गोबरगॅसचा विचार करा. बाळाला चुलीपाशी घेऊन बसू नका. आणि पुरुष मंडळींनो, हे काम एकट्या बाईवर टाकू नका.

खोकणारे मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, बरगड्यांखाली खळगा पडला किंवा मूल पिईनासे झाले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. दोन महिन्यांच्या आतले बाळ तर मोजत न बसता न्या. पिकावर रोग दिसताच तुम्ही मला निरोप धाडता. लेकरासाठी त्याहून जास्त घाई करा.