फुकटाचे मोल

आमच्या खापरखेड्यात गायनवृंदाचा सराव जुळवून आणणे म्हणजे एक तपश्चर्याच. औष्णिक वीजकेंद्र आणि आसपासच्या कोळसा खाणी यांच्या पाळ्यांवर इथल्या घरांचे घड्याळ चालते. वरच्या पट्टीत गाणारा रात्रपाळीला, तर पेटी वाजवणारा पहिल्या पाळीला. म्हणून आम्ही गीते ध्वनिमुद्रित करून प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवू लागलो. ज्याने त्याने सवडीने ऐकावे आणि रविवारी मिस्साबलिदानाआधी अर्धा तास एकत्र यावे, असा बेत ठरला. जुन्या कॅसेटींवरील, आज हयात नसलेल्या गायकांच्या आवाजातील भक्तिगीतेही तरुणांनी अशीच उतरवून घेतली. आणि मग प्रश्न आला, हे सारे वाजवायचे कशावर?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. मोबाइलमध्ये एखादा प्लेअर असतोच. परंतु गीत शिकणाऱ्याची गरज निराळी असते. स्वर न बदलता गती कमी करता यावी, एकच ओळ दहादा घोळवता यावी, पडदा मिटला तरी आवाज थांबू नये. हे सगळे देणारे प्लेअर शोधू लागलो, तेव्हा 'फुकट' या एकाच शब्दाखाली किती भिन्न वस्तू विकल्या जातात ते ध्यानी आले. होय, विकल्याच जातात.

आमच्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. सुनेने मोबाइलवर जपमाळ लावून दिली होती. एक रहस्य संपून दुसरे सुरू होणार, एवढ्यात पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात कर्कशपणे वाजू लागे. आजी आम्हाला म्हणाल्या, "फादर, हा मधेच कोण बोलतो? माळ हातातून सुटते माझी." तो प्लेअर कोणाचा, हे सांगण्यात अर्थ नाही, तशा प्लेअरांना तोटा नाही. तेथे किंमत पैशांत मोजावी लागत नाही, ती आजींच्या प्रार्थनेतून वसूल होते.

यावर एका उत्साही तरुणाने तोडगा आणला. विकतच्या एका प्लेअरची कुलूप तोडलेली प्रत. "जाहिरात नाही फादर, आणि पैसेही नाहीत!" त्याचा हेतू निर्मळ होता, तरी आम्ही ती प्रत घेऊ दिली नाही. सातवी आज्ञा धान्याच्या कोठारापुरती नाही. शिवाय ज्याने दुसऱ्याचे कुलूप तोडले, त्याने त्या प्रतीत स्वतःसाठी एखादी खिडकी उघडी ठेवली नसेल याची हमी काय?

विकतचे सारे वाईट, असा मात्र आमचा पक्ष नाही. आमच्या पेटीवादकाने पॉवरॲम्प स्वतःच्या पैशांनी घेतला आहे. आवाजाचा पोत घडविण्याची त्यातील सोय त्याच्या सराईत कानाला हवी होती, आणि कारागिराला त्याची मजुरी पोहोचली. पूर्वी तर निव्वळ एमपीथ्री वाजविण्याच्या तंत्रावरही पेटंटधारकांचा हक्क असे. तो परवान्यांचा कार्यक्रम 2017 साली संपला. एमएक्स प्लेअरची कथा आणखी निराळी. कोरियात जन्मलेला हा साधा प्लेअर 2018 मध्ये टाइम्स इंटरनेटने घेतला, पुढच्याच वर्षी त्यावर मालिका-चित्रपटांचा बाजार मांडला गेला, आणि 2024 मध्ये तो बाजार ॲमेझॉनकडे गेला. दुकान तेच राहते, धनी बदलतो.

तिसरी जात व्हीएलसीची. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये वसतिगृहाच्या जाळ्यावरून दूरदर्शनची चित्रे पाहता यावीत म्हणून हे काम आरंभिले. 2001 मध्ये महाविद्यालयाने ते मुक्त परवान्याखाली जगाला दिले. म्हणजे कोणीही वापरावे, आतील रचना वाचावी, सुधारावी आणि सुधारलेले पुन्हा वाटावे. त्यात जाहिरात नाही. जाहिराती घालण्यासाठी पुढे आलेली मोठी रक्कम प्रमुख कार्यकर्ते झाँ-बाप्तिस्त केंफ यांनी नाकारली. 2025 च्या जानेवारीत सहा अब्ज डाउनलोडचा टप्पा ओलांडल्याचे त्यांनी जाहीर केले. आपल्याकडे 2022 साली या प्लेअरच्या संकेतस्थळावर कित्येक महिने बंदी होती. कारण कोणी धड सांगेना. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने संस्थेने कायदेशीर नोटीस धाडली आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली. फुकट मिळालेल्या वस्तूसाठीही कोणाला तरी भांडावे लागते ते असे.

व्हीएलसी निर्दोष आहे असे नाही. गीतांची यादी लावण्यात तो अजागळ आहे, आणि वयस्कर बोटांना त्याची बटणे चटकन सापडत नाहीत. तरी गती कमी करणे, ओळ घोळवणे आणि ठरल्या वेळी आपोआप झोपी जाणे ही तिन्ही कामे तो बिनबोभाट करतो. वृंदातील बहुतेकांनी तोच घेतला.

मग आम्ही सुचविले की धर्मग्रामाच्या वतीने त्या संस्थेला अल्पशी देणगी पाठवावी. तिचा गाडा देणग्यांवरच चालतो. सल्लागार मंडळाच्या बैठकीत हिशेब सांभाळणारे सद्गृहस्थ म्हणाले, "मागत नाहीत, तर द्यायचे कशाला?" आम्ही म्हटले, "मिस्सालाही तिकीट नाही. पण वेदीवरच्या मेणबत्त्या तुम्हीच दर महिन्याला विकत आणता ना?" ते हसले, पण वहीत रक्कम काही लिहिली नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

आजींच्या मोबाइलवर आता व्हीएलसीचा नारिंगी-पांढरा शंकू आहे. ते विद्यार्थी रस्त्यावरचे असले शंकू गोळा करीत, त्यावरून हे चिन्ह आले. आजी त्याला 'टोपीवाला' म्हणतात. रात्री सून टोपीवाला लावून देते, जपमाळ सलग पाचही रहस्ये चालते, आणि अर्ध्या तासाने तो आपणहून गप्प होतो.