इंचाइंचाचा तलाव

जानेवारीत मिल लॅक्स तलावावर रस्ते असतात. बर्फ ढकलून साफ केलेले, दोन्ही बाजूंना ढिगाऱ्यांचे बांध असलेले, फाट्यावर पाटी लावलेले. कुठं बर्फाला लांबलचक भेग गेली असेल तर तिच्यावर चक्क पूल टाकलेला असतो. काठावरच्या रिसॉर्टवाल्याला टोलासारखे पैसे द्यायचे आणि गाडी उतारावरून थेट तलावात घालायची. पहिल्यांदा निघालो तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “अहो, विम्याचा हप्ता भरलाय ना?”

मिल लॅक्स मिनेसोटाच्या मध्यावर आहे, मिनियापोलिसपासून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर. क्षेत्रफळ सुमारे 536 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढं. मात्र सगळ्यात खोल जागी 42 फूट पाणी. एवढा पसारा आणि एवढीच खोली, म्हणजे परातच म्हणायची. त्यामुळं उन्हाळ्यात वारा सुटला की लाटा बघता बघता उभ्या राहतात आणि लहान होडीवाल्यांची तारांबळ उडते. हिवाळ्यात वारा कितीही सुटो, पाण्याला त्याचं काही नसतं. इथले जुने लोक उगाच म्हणत नाहीत, की हा तलाव जानेवारीतच शहाण्यासारखा वागतो.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा, मालगुजारी तलावांच्या काठी वाढलेला. आमच्याकडे मासा म्हणजे मरळ, रोहू, कतला. समुद्राची मासळी जेवणारी मंडळी या गोड्या पाण्यातल्या माशांना नाकं मुरडतात, त्यांना मुरडू द्या. सांगायचं म्हणजे गोड्या पाण्याचं मला अप्रूप नव्हतं. अप्रूप होतं ते उणे पंचवीस सेल्सिअसमध्ये आपण होऊन जाऊन बसणाऱ्या माणसांचं. शेजारच्या घरातला निवृत्त सुतार दरवर्षी बोलवायचा. एका वर्षी हो म्हणालो आणि तेव्हापासून जातो आहे.

या माणसाकडून पहिली गोष्ट शिकलो ती पट्टी वापरायची. मासे पकडणं फार नंतर आलं. बर्फ डोळ्यांनी जोखायचा नाही, भोक पाडून मोजायचा. चालत जायला चार इंच, स्नोमोबाइलला पाच ते सात, छोट्या मोटारीला नऊ-दहा, पिकअप ट्रकला त्याहून पुष्कळ जास्त. हे आकडे स्वच्छ, काचेसारख्या नव्या बर्फाचे. भिजलेलं हिम गोठून झालेल्या पांढऱ्या बर्फात निम्मीच ताकद, म्हणून तिथं जाडी दुप्पट हवी. आणि एका जागी मोजलं म्हणजे झालं असं नाही. दर दीडशे फुटांवर पुन्हा गिरमिट चालवायचं. खाली झरा असेल, प्रवाह असेल, नाहीतर वर हिमाची जाड दुलई पडून राहिली असेल, तर शेजारी शेजारी दोन भोकांत दोन वेगळी मापं मिळतात. हिम थंडी अडवतं, त्यामुळं त्याच्याखाली बर्फ वाढत नाही. रिसॉर्टवाले रस्ते साफ ठेवतात ते केवळ गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नव्हे. रस्त्याखालचा बर्फ त्यानं जाड होतो.

गाडी हाकण्याचेही नियम आहेत. काचा खाली, सीटबेल्ट काढलेला, वेग बैलगाडीचा. वेग इतका कमी का, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. बर्फ पाण्यावर तरंगत असतो. गाडीच्या वजनानं तो किंचित दबतो आणि गाडीबरोबर खालच्या पाण्यातून एक लाट पुढं सरकते. जोरात गेलात तर ती लाट काठाशी किंवा दुसऱ्या गाडीच्या लाटेशी भिडून बर्फ फोडू शकते. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार सुळे असतात. पाण्यात पडलातच तर ते बर्फात रुतवून स्वतःला ओढून बाहेर काढायचं. सुताराने माझ्या गळ्यात ते घातले तेव्हा मी लग्नात हारासाठी करतात तशी मान पुढं केली, ते त्याला काही समजलं नाही.

रात्री मुक्काम चाकांवरच्या घरात. तलावावर नेऊन चाकं वर घेतली की घराची जमीन बर्फाला टेकते. आत गॅसची शेगडी, गॅसवरच चालणारा हीटर, भिंतीला बाकडी, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र, आणि जमिनीत झाकणं असलेली गोल भोकं. झाकण काढायचं, गिरमिटाने खालचा बर्फ भोसकायचा, वर आलेला चुरा काढून टाकायचा. तो काढायला जे वापरतात तो झारा आहे. दांडा लांब, जाळी मोठी, पण आमच्या घरी बुंदी पाडायचा झारा होता तोच हा, वेगळं काही नाही. बाहेरच्या भोकांवर दर थोड्या वेळानं पुन्हा साय धरते आणि झारा परत चालवावा लागतो.

हिवाळ्यात इथं माणशी दोन गळ टाकायला परवानगी आहे, उन्हाळ्यात एकच. एक गळ हातात, दुसरा भिंतीवरच्या फिरकीला. ही फिरकी मला फार आवडते. तिच्या पोटात खुळखुळ्यासारखे मणी असतात. रात्री दोनला सगळे घोरत असताना माशाने आमिष ओढलं की फिरकी गरगरते आणि खडखडाट होतो. मग तीन पुरुष थर्मलच्या विजारींवर अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देत एकाच भोकाकडं धावतात. बर्फाचे स्वतःचे आवाजही रात्रभर चालू असतात. पारा उतरला की बर्फ आवळतो, तडकतो आणि दूरवर तोफ उडाल्यासारखा धडाका होतो. पहिल्या रात्री मी बूट घालूनच झोपलो होतो. बर्फाचा आवाज म्हणजे बर्फ फुटणं नव्हे, हे डोक्याला पटलं तरी पोटाला पटायला वेळ लागतो.

ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो मासा वॉलआय. अंगावर सोनेरी-हिरवट झाक, पाठीवर काटेरी पर, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका आणि डोळे दुधी काचेचे. मांजराच्या डोळ्यासारखा परावर्तक पडदा याच्याही डोळ्यात असतो, म्हणून कमी उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. सूर्य कलला की तो खायला निघतो आणि घराघरांत बोलणी थांबतात. आमच्याकडे ध्वनिलहरींवर चालणारं एक गोल तबकडीचं यंत्र आहे. तळ तांबड्या जाड पट्ट्यासारखा दिसतो, आपलं आमिष हिरव्या रेघेसारखं. मासा आला की तळापासून एक रेघ सुटते आणि हळूहळू आमिषाकडं चढते. आमिष हलवलं तर ती चढते, थांबवलं तर थांबते. कधी अर्ध्या वाटेवरून परत फिरते, आणि न दिसलेल्या माशाचा इतका राग येतो की सांगता सोय नाही.

एका संध्याकाळी अशीच रेघ चढली, मिळाली, आणि हातातली छोटी काठी वाकली. वर आला तो भरदार वॉलआय. सुताराने पट्टी पुढं केली. तोंड पट्टीच्या सुरुवातीला टेकवायचं, शेपटी चिमटून टोकापर्यंत मोजायचं. पावणेएकवीस इंच. तेव्हाचा नियम असा होता की माणशी एकच वॉलआय ठेवायचा, तोही एकवीस ते तेवीस इंचांच्या मधला किंवा अठ्ठावीसच्या वरचा. पाव इंच! मी आपल्या मराठी पद्धतीनं सुताराच्या तोंडाकडं बघितलं. त्याने मासा पोटाखाली हात धरून भोकात सोडला, शेपटी एकदा हलली, पाण्याचे चार थेंब आमच्या पायमोज्यांवर उडाले. “मोठा झाला असेल पुढच्या वर्षी,” म्हणाला, आणि आमिषाला नवा छोटा मासा लावायला लागला.

एवढी काटेकोर मोजणी का, याचं उत्तर गावातल्या आमिषाच्या दुकानात मिळतं, पण निम्मंच. तिथं कॉफी पिणारा कोणीतरी हमखास म्हणतो, “इंडियन लोक जाळी टाकतात, म्हणून आम्हाला मासे मिळत नाहीत.” इंडियन म्हणजे मी नव्हे, इथले मूळ रहिवासी ओजिब्वे. 1837 च्या करारात त्यांनी हा प्रदेश अमेरिकेला दिला, पण शिकार, मासेमारी आणि रानातलं गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. मिनेसोटा राज्याने तो पुढं मानला नाही. मिल लॅक्सच्या ओजिब्वेंनी 1990 मध्ये दावा लावला आणि 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून वर्षाला किती पौंड वॉलआय काढता येतील ते राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं आणि ओजिब्वेंच्या आठ शाखा मिळून ठरवतात आणि आकडा वाटून घेतात. ओजिब्वेंची जाळी पडतात ती मुख्यतः वसंतात, बर्फ वितळल्यावर.

दुकानातली तक्रार मला पटत नाही. तलावाचं पाणी सगळ्यांचं आणि मासे मासेमार ढिवरांच्या संस्थेचे, हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. आमच्या गावात तलावाच्या काठी राहतो म्हणून कोणी जाळं टाकलं असतं तर त्याला चोरच म्हटलं असतं. शिवाय वॉलआय घटला त्याची कारणं पाण्यातच आहेत. पिल्लं पुष्कळ जन्मतात, पण मोठी होईपर्यंत टिकत नाहीत. 2005 मध्ये इथं झेब्रा शिंपले सापडले, 2009 मध्ये काटेरी पाणपिसू. शिंपले पाणी गाळतात. पाणी नितळ झालं, पण अंधूक उजेडात शिकार करणाऱ्या माशाला नितळ पाणी काय कामाचं? पाणपिसवा लहान माशांचं खाद्य फस्त करतात. पाणी उबदार होत गेलं तसा थंड पाण्यातला टलिबी मासा कमी झाला, आणि तो तर मोठ्या वॉलआयचं आवडतं खाणं. 2015 च्या ऑगस्टमध्ये तर मासेमाऱ्यांच्या वाट्याचा आकडा संपला म्हणून हंगामाच्या मध्येच वॉलआय बंद केला होता. त्या आकड्यात सोडून दिलेले मासेही धरतात. कारण गळाला लागून सुटलेल्यांपैकी काही नंतर मरतात, आणि गरम पाण्यात जास्त मरतात. दुकानात बसून सोडलेल्या माशांच्या संख्येची बढाई मारणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही.

वॉलआय मिळाला तर माझ्या मते त्याचा रस्सा करू नये. मांस पांढरं, सौम्य, काटे थोडे. हळद, तिखट, मीठ आणि लिंबू लावून रव्यात घोळवून तळावा, संपलं. रश्श्याचा मासा ईलपाउट. गोड्या पाण्यात राहणारा हा कॉडच्या कुळातला एकटाच. दिसायला वामेचा थोरला भाऊ, हनुवटीला एकच मिशी, आणि वर काढला की शेपटीचा विळखा मनगटाला घालतो. त्या विळख्याची बऱ्याच जणांना किळस येते, कितीतरी मासेमारे त्याला हात लावत नाहीत. त्यांचं नशीब. एकदा मी शेगडीवर कांदा-खोबरं भाजून, लसूण, धणे आणि खसखस वाटून त्याचा जाड रस्सा केला. घराच्या खिडक्या उघडाव्या लागल्या, दोन घरं पलीकडचा माणूस वासाने चौकशीला आला. सुतार आता गळाला ईलपाउट लागला की तो बाजूला ठेवून मला फोन करतो.

हे सगळं थंडीच्या भरवशावर, आणि तोच आता राहिलेला नाही. 2023-24 चा हिवाळा इतका उबदार गेला की बर्फ उशिरा धरला आणि जाडही झाला नाही. त्याच डिसेंबरच्या शेवटी उत्तरेकडच्या अप्पर रेड तलावावर बर्फाचा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून जास्त माणसं त्याच्यावर अडकली. सगळ्यांना सुखरूप काढलं. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये, त्याच तलावावर सुमारे दोनशे जण असेच अडकले होते. दोन्ही वेळा हंगामाची सुरुवात होती आणि लोकांना घाई होती.

तेव्हा मिनेसोटात असाल आणि कोणी डिसेंबरातच बोलावलं, तर नको म्हणा. जानेवारीच्या उत्तरार्धात जा. परवाना आधी काढा, सोळा वर्षांच्या पुढं लागतोच. रिसॉर्टवाल्याला त्या दिवशीची जाडी विचारा आणि त्याने सांगितल्यावरही एक भोक स्वतः पाडून पट्टी लावा. परतताना आमिषाच्या डब्यातलं तलावाचं पाणी तिथंच ओतून टाका, शिंपले दुसऱ्या तलावात जातात ते याच पाण्यातून. तिखट-मसाला घरून न्या, तिथल्या दुकानात लिंबू-मिरीच्या पुडीपलीकडं काही मिळत नाही. आणि फार लांबवू नका: वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो, आणि मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत बर्फावरचं प्रत्येक घर काठावर आलेलं असावं लागतं.