एक आणि आठ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे संगणकाच्या वर्गात पायथॉनचे चार धडे झाले न झाले, तोच बाबांनी ठरवून टाकले की आता हिशेब पोराकडे. दिवाळीच्या सुट्टीत मानवतजवळच्या आमच्या रानात कापसाची वेचणी चालू होती. बाया अकरा. त्यांची वजने नोंदवून संध्याकाळी यादी काढायचा प्रोग्रॅम मी लिहिला.

सरांनी वर्गात सांगितले होते, पायथॉनमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. तिला पुढे मजकूर जोडत गेलात तर दर वेळी आधीचे सगळे नव्या जागी उतरवावे लागते. (नेहमीच्या पायथॉनने त्यावर आतून थोडी तोड काढली आहे, पण तिच्यावर विसंबू नये.) त्यापेक्षा तुकडे बाजूला साठवावेत आणि शेवटी 'जॉइन'ने एकदाच सांधावेत. झाले! मी नावे, वजने, सारे एका 'जॉइन'मध्ये दुसरा घालून एकाच ओळीत बसवले. ती ओळ मित्रांना दाखवत हिंडलोही.

एका बाईचे लेकरू तापले होते. एक किलोचे वजन करून ती घरी गेली, दुपारी परतून आणखी आठ किलो वेचले. दोन वजने असलेली ती एकटीच. वजने सांधणाऱ्या माझ्या अवतरणचिन्हांत काहीच नव्हते, मोकळी जागासुद्धा नाही. यादीत उमटले १८. किलोला १० रुपये. बाबांनी १८० मोजून दिले.

रात्री ती दारात आली. "अण्णा, एवढा कापूस म्या येचला न्हाई," म्हणत तिने ९० रुपये परत केले. चूक उलटी झाली असती तर? तिला वाचता येत नाही, आणि छापील कागदापुढे तिचे कोणी ऐकले असते?

चूक शोधायला बसलो तर माझी ओळ मलाच वाचता येईना. इतिहासाच्या तासाला ऐकलेली मोडी आठवली. हात न उचलता भराभर लिहायची लिपी. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधताना ती वाचणारी माणसे आधी शोधावी लागली. मोडीचे निदान वाचणारे सरले होते. माझ्या ओळीला तर आठवडाही झाला नव्हता.

मग त्या एका ओळीच्या सहा ओळी केल्या. २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून आलेली एफ-स्ट्रिंग वापरली. तीत वाक्य कसे उमटणार ते लिहितानाच दिसते. शेवटचा 'जॉइन' ठेवला, तो बिचारा दोषी नव्हताच. अकरा नावांना वेळ किती लागतो म्हणता? पापणी लवत नाही. आता यादीत '१ + ८ = ९' असे येते, आणि पैसे मोजण्याआधी बाबा ती मला सगळ्या बायांपुढे मोठ्याने वाचायला लावतात.