आधी तार, मग तक्रार

रमजानचे दिवस. कलिंगडांनी भरलेला आमचा जुना पिकअप पहाटे सुरूच होईना. स्टार्टर फिरत होता, पण धूर नाही. आदल्या दिवशी डिझेल भरून आणणाऱ्या पोरावर आम्ही भेसळीचा आळ घेतला. गॅरेजवाला म्हणाला, पंप उतरवावा लागेल. अब्बा म्हणाले, "आधी करंट बघा."

पंपावरच्या सोलेनॉइडला चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट मिळाले, तरच डिझेलची वाट उघडते. तिथे टेस्ट लॅम्प पेटलाच नाही. बॅटरीवरून थेट तार लावताच 'टक्' आवाज आला आणि इंजिन सुरू झाले. मूळ तार पत्र्याला घासून तुटली होती; ती बदलली.

पंप ठीक, डिझेलही ठीक. बिघडली होती आमची जीभ. इफ्तारपूर्वी आम्ही त्या पोराची माफी मागितली.