जोझानीची लाल माकडे

झांझिबारला गेलेले बहुतेक लोक लवंगांच्या बागा आणि समुद्रकिनारा पाहून परततात. आम्ही एक दिवस जोझानीच्या जंगलासाठी राखून ठेवला. स्टोन टाउनपासून ते सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. फाटकाशी वाटाड्याने "अस्सलामु अलैकुम" म्हणून स्वागत केले आणि मुलांना बजावले, "पोलेपोले!" म्हणजे सावकाश. माकडांना हात लावायचा नाही, खायला द्यायचे नाही, अंतर ठेवून उभे राहायचे.

हे लाल कोलोबस माकड फक्त झांझिबारच्या बेटांवर आढळते. तांबूस पाठ, काळे तोंड, डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुपका. हाताला अंगठा जवळजवळ नाहीच. पिकलेली गोड फळे त्याला सोसत नाहीत, म्हणून ते कोवळी पाने आणि कच्ची फळे खाते. आंब्याच्या व देशी बदामाच्या पानांतले अपायकारक घटक बाधू नयेत म्हणून ते चक्क कोळसा चावते! पोटाशी पिल्लू धरून बसलेल्या एका मादीकडे आमची मुले श्वास रोखून पाहत राहिली.

गावकरी मात्र त्याला 'किमा पुंजू', म्हणजे विषारी माकड म्हणत आले आहेत. ते कोवळे नारळ तोडते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. आमच्या कोकणातही माकडांच्या नावाने हीच ओरड असते, त्यामुळे ती आम्हाला परकी वाटली नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळेच दिसले. माकडांनी जिथे कोवळे नारळ जास्त खाल्ले, तिथे शेवटचे उत्पन्न घटले नव्हते, उलट वाढलेले होते. कोवळी फळे विरळ झाल्याने उरलेली चांगली भरत असावीत.

पण शेतकऱ्याची समजूत नुसत्या आकड्यांनी पटत नाही. म्हणून तिकिटाच्या पैशांतला वाटा आसपासच्या गावांना दिला जातो. माकडे गाड्यांखाली मरत, म्हणून रस्त्यावर गतिरोधक घातले. २००४ साली जोझानी राष्ट्रीय उद्यान झाले. पुढच्या मोजणीत ५,८०० हून अधिक माकडे आढळली. ही संख्या पूर्वीच्या अंदाजाच्या तिपटीहून जास्त आहे, तरी जात अजून धोक्यातच आहे.

दुपारी तिवरांमधल्या लाकडी पुलावरून फिरून आलो. निघताना वाटाडा म्हणाला, "माझे वडील शेतकरीच. माकड त्यांच्या झाडावर जेवते. मग ते पाहायला येणाऱ्याने त्यांचा हक्क द्यायला नको का?"

गावच्या मशिदीत जोहरची नमाज पढताना हे शब्द मनात घोळत होते. मुके जीव ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे, हे आपण मुलांना शिकवतो. पण ती अमानत ज्याच्या अंगणात आहे, त्या गरिबावरच सगळा भार टाकला तर तो इन्साफ नव्हे. जोझानीला जाल तेव्हा सकाळी लवकर जा, पायांत बूट घाला, आणि तिकिटाचे पैसे देताना कुरकुर करू नका.