धावड्याचा पेपर, समुद्रातली कालवं
भोकरदन तालुक्यातलं धावडा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथे कालवं कोण खातंय! पण मिरचीच्या बेडवरचा काळा-चंदेरी मल्चिंग पेपर बघा. उन्हाने तडकतो, चिंध्या होतात, मग पाच मिलिमीटरहून बारीक तुकडे. तालुक्याचं पाणी केळनेतून पूर्णेला, तिथून गोदावरीला, थेट बंगालच्या उपसागरात.

कालवं पाणी गाळूनच जेवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या प्रयोगात दोन महिने पॉलिस्टायरिनचे सूक्ष्म कण पोटात गेलेल्या कालवांची अंडी ३८ टक्क्यांनी घटली. मासा आपण पोट काढून खातो, कालवं मात्र (लिंबू पिळून!) अख्खी.

जुन्या पेपरचं काय करता, मी एका काकांना विचारलं.

"पेटवतो बांधावर. राह्यलेला जातो नांगरात."